सासू, सून आणि लेक : होळकरांच्या घरातील तीन पिढ्या

आपल्या समाजाची स्मरणिका अहिल्यादेवींच्या चरित्रावाचून निघत नाही, आणि निघूही नये. परंतु गेल्या कित्येक वर्षांचे अंक चाळून पाहिले तर चरित्रलेखकांची लेखणी बहुधा एकाच वाटेने गेलेली दिसते. काशीविश्वनाथाचे मंदिर, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर, नद्यांवरील घाट, वाटसरूंसाठी धर्मशाळा, बारवा आणि अन्नछत्रे, अशी ती पुण्यकर्मांची मालिका असते. ती वाचकांस मुखोद्गत आहे. म्हणून यंदा संपादक मंडळाने आम्हांस लिहिण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही देवळांचा भाग बाजूस ठेवण्याचे ठरविले. देवीच्या घरात काय घडले, विवाह कसे झाले, कोणत्या गोष्टी माजघराबाहेर येऊ दिल्या नाहीत, आणि सासू, सून व लेक या तीन स्त्रियांच्या वाट्यास किती निरनिराळी आयुष्ये आली, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

चांदवडकरांस या घराण्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. मुंबई-आग्रा रस्त्याने येणारा पाहुणा रेणुकामातेचे दर्शन घेतो आणि मग गावातील होळकरांच्या रंगमहालाकडे वळतो. कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरील जुनी चित्रे पाहून झाली की तो हमखास एकच गोष्ट विचारतो. ती म्हणजे भुयार कोठे आहे? रंगमहालातून रेणुकेच्या देवळापर्यंत गुप्त मार्ग होता व बाई त्या मार्गाने दर्शनास जात, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आम्ही शाळेत असताना मुलांना तेथे सहलीस नेत असू, तेव्हा मुलेही भुयारच शोधीत. राजवाड्याचे गुपित जमिनीखालीच असले पाहिजे, ही समजूत फार जुनी आहे. होळकरांच्या घरातील खरी गुपिते मात्र माणसांची होती.

प्रथम सासूबाईंविषयी. गौतमाबाई या खानदेशातील तळोद्याच्या भोजराज बारगळांच्या कन्या. जेजुरीजवळच्या होळ गावचे मल्हारराव लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे आईसमवेत तळोद्यास मामाच्या आश्रयास आले आणि पुढे मामाचीच मुलगी त्यांनी केली. आपल्याकडील रीतीस धरूनच ते झाले. मेंढरांमागे फिरणारा भाचा पुढे माळव्याचा सुभेदार होईल हे लग्नाच्या वेळी कोणाच्या स्वप्नीही नसेल. वैभव आले तसे वैभवाचे दुसरे अंगही आले. मल्हाररावांनी द्वारकाबाई व बनाबाई या आणखी स्त्रिया केल्या. शिवाय हरकूबाई ही खांड्याशी लग्न लावून आणलेली राणी होती. मोठ्या सरदारांच्या घरी त्या काळी हे सर्रास चाले, आणि थोरल्या बाईने त्याबद्दल ओठ मिटून बसावे अशीच अपेक्षा असे. गौतमाबाईंनी ते निमूटपणे सोसले की कसे, हे बखरकारांनी कोठे नोंदविलेले नाही. एक गोष्ट मात्र कागदोपत्री नोंदली गेली आहे. १७३४ साली मल्हाररावांच्या विनंतीवरून बाजीराव पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावाने स्वतंत्र खासगी जहागीर करून दिली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे तीन लाख रुपये होते. माळव्यातील महेश्वर आणि दक्षिणेतील आमचे चांदवड यांसारखे महाल तीत होते.

या खासगीचे महत्त्व आजच्या सुशिक्षित भगिनींनी अवश्य ध्यानी घ्यावे. दौलतीचा पैसा निराळा आणि खासगीचा निराळा. दौलतीचा हिशेब सुभेदाराकडे व पेशव्यांकडे. खासगीचा हिशेब घरच्या बाईकडे. नवरा मोहिमेत पडला, सरदारी गेली, सवतींची मुले वाटेकरी झाली, तरी या उत्पन्नास हात लावण्याचा अधिकार कोणास नव्हता. स्त्रीच्या अंगावरील दागिन्यास स्त्रीधन म्हणणारा समाज आपल्या परिचयाचा आहे. परंतु गावे आणि महाल बाईच्या नावावर, ही अठराव्या शतकातील गोष्ट आहे, आणि तिच्यावाचून पुढील अहिल्याबाई झाल्या नसत्या असे आमचे स्पष्ट मत आहे.

सून आली ती त्याच सुमारास. चौंडीचे पाटील माणकोजी शिंदे यांच्या पोटी ३१ मे १७२५ रोजी अहिल्याबाईंचा जन्म झाला. मल्हाररावांनी तिला गावच्या देवळात पाहिले आणि सून करून घेतली, ही कथा शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. १७३३ साली, वयाच्या आठव्या वर्षी, खंडेरावांशी तिचा विवाह झाला. नवरा दोनच वर्षांनी मोठा. त्या वयात विवाह म्हणजे एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाणे एवढेच. पतीपेक्षा सासूचा सहवास अधिक, आणि येथे सासू अशी मिळाली की जिच्या हातात स्वतःची गावे आणि स्वतःचे हिशेब होते. मोडी वाचणे, जमाखर्च पाहणे, आल्यागेल्या माणसाची पारख करणे, हे शिक्षण सुनेने गौतमाबाईंपाशी बसून घेतले. सासुरवासाच्या शेकडो ओव्या आपल्या आया-बहिणींनी जात्यावर गायिल्या. त्या खोट्या नव्हत्या. परंतु सासू ही सुनेची शाळाही होऊ शकते, याचे हे उदाहरण त्या ओव्यांच्या जोडीला सांगितले पाहिजे.

खंडेरावांविषयी आमचे लेखक फारसे बोलत नाहीत. ते शूर होते, पण मद्याच्या आहारी गेलेले होते व कारभारात त्यांचे लक्ष नसे, असेच बहुतेक चरित्रकार लिहितात. १७४५ साली मालेराव व १७४८ साली मुक्ताबाई अशी दोन अपत्ये अहिल्याबाईंना झाली. नवऱ्याच्या व्यसनाची वाच्यता बाईने करू नये, घरची गोष्ट घरात राहावी, हा आपल्या समाजातला अलिखित कायदा. तो राजवाड्यातही होता आणि वाड्यावस्तीवर आजही आहे. आमच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत असे किती तरी संसार आम्ही जवळून पाहिले. सकाळी मुलाला स्वच्छ गणवेश घालून वेळेवर शाळेत पाठविणाऱ्या माउलीच्या चेहऱ्यावरून रात्री घरी काय झाले याचा थांग लागत नसे.

मार्च १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात किल्ल्यावरील तोफेचा गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा एकोणतीस वर्षांच्याही नव्हत्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईंनीही तोच निश्चय केला होता, आणि येथे मल्हारराव आडवे आले. पुत्र गेला, आता तूच माझा पुत्र, तू गेलीस तर या म्हाताऱ्याचे आणि या दौलतीचे कोण, अशा आशयाचे त्यांचे विनवणे होते. बाई मागे फिरल्या. समाजाच्या रूढीविरुद्ध जाऊन जगणे पत्करले याबद्दल त्यांना त्या वेळी किती बोल लागले असतील याची कल्पनाच करावी. सती गेलेलीचे वृंदावन बांधीत. मागे राहिलेलीस पांढऱ्या लुगड्यानिशी कोपरा दाखवीत.

मल्हाररावांनी मात्र सुनेस कोपरा दाखविला नाही. हा मुद्दा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. ते नुसते रडून थांबले नाहीत. त्यांनी तिच्या हाती काम दिले. वसुली, पत्रव्यवहार, फौजेची रसद, तोफखाना असा एकेक भार त्यांनी तिच्यावर टाकला. १७६५ साली त्यांनी तिला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जाण्याच्या, दारूगोळा सिद्ध ठेवण्याच्या आज्ञा आहेत. मुलास लिहावे तशीच ती पत्रे आहेत. विधवा सुनेस तोफगोळ्यांविषयी लिहिणारा सासरा त्या शतकात दुसरा कोठे झाला असेल तर तो आमच्या वाचनात नाही. १७६१ मध्ये गौतमाबाई निवर्तल्या आणि त्यांची खासगी सुनेकडे आली. बाईची मिळकत पुन्हा बाईच्याच हाती गेली. पुढे देवीने हिंदुस्थानभर जो दानधर्म केला तो या खासगीतून. रयतेच्या पैशास त्यासाठी हात लावला नाही, ही गोष्ट देवळांची यादी देणारे पुष्कळदा विसरतात.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव गेले. मालेरावांस सुभेदारी मिळाली आणि वर्षाच्या आतच, १७६७ मध्ये, तेही गेले. या मुलाविषयी नाना प्रवाद आहेत. ब्राह्मणांना दान देताना वस्त्रांत व जोड्यांत विंचू ठेवी, असे सांगतात. एका निरपराध कारागिरास संशयावरून मारले आणि त्याच्या पिशाच्चाने झपाटून तो भ्रमिष्ट झाला, असेही सांगतात. न्यायनिष्ठुर मातेने मुलास हत्तीच्या पायी दिले, ही तर कीर्तनकारांची आवडती कथा. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम १८१८ नंतर माळव्याच्या कारभारावर होता. बाईंच्या पदरी राहिलेली वृद्ध माणसे तेव्हा हयात होती. त्यांच्याकडे चौकशी करून त्याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे लिहिले की मुलाच्या मृत्यूस आईचा हात लागल्याचा प्रवाद निराधार आहे. वेडाच्या आजारात आई त्याच्या उशाशी बसून होती. आम्हांस हत्तीच्या कथेपेक्षा ही उशाशी बसलेली आई अधिक थोर वाटते. पोटचा मुलगा बिघडला हे दुःख झाकताही येत नाही आणि सांगताही येत नाही. लोकांनी त्या दुःखाची निष्ठुर न्यायाची गोष्ट केली, कारण वेड्या मुलाची शुश्रूषा करणाऱ्या राणीपेक्षा मुलास मारणारी राणी सांगावयास सोयीची. मालेरावांच्या दोघी स्त्रियाही सती गेल्या.

पुरुष वारस उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि राघोबादादांस फौजेसह बोलाविले. लहान मूल गादीवर बसवावे, बाईस पोटगी द्यावी आणि कारभार आपण करावा, असा तो बेत होता. बाईंनी शिंदे, गायकवाड आदी सरदारांस पत्रे लिहिली, स्त्रियांची तुकडी सज्ज केली आणि दादांस असा निरोप धाडिला की बाईकडून हार झाली तर तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही, आणि बाईवर जय मिळाला तरी त्यात भूषण नाही. दादा पाहुण्यासारखे आले आणि परत गेले. थोरल्या माधवरावांनी बाईंचा कारभार मान्य केला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलकी कारभार बाईंकडे, अशी वाटणी होऊन महेश्वर ही राजधानी झाली. ही हकिकत सर्वश्रुत असल्यामुळे ती येथेच आटोपती घेतो.

बाईंच्या अठ्ठावीस वर्षांच्या राज्यातील एकच गोष्ट आमच्या विषयासाठी निवडतो. निपुत्रिक सावकार मेला की त्याचे धन सरकारजमा करावे किंवा विधवेस दत्तकाची परवानगी देताना भरमसाट नजराणा घ्यावा, ही त्या काळची रूढ कमाई होती. एका सावकाराच्या विधवेकडून असा मोठा नजराणा उकळण्याचा सल्ला कारभाऱ्यांनी दिला तेव्हा बाईंनी तो धुडकावून लावला, दत्तकास मान्यता दिली आणि वर त्या मुलास वस्त्रे देऊन त्याचा सत्कार केला. खरगोणच्या दोघा सावकार बंधूंच्या विधवांनी आपली सारी मालमत्ता आणून पुढे ठेवली, तर ती न घेता लोकोपयोगी कामास लावण्यास त्यांनाच सांगितले. विधवेच्या हाती पैसा राहिला पाहिजे, हे त्या सासूकडून शिकल्या होत्या आणि स्वतः अनुभवीत होत्या.

आता लेकीकडे वळतो. मुक्ताबाईंच्या विवाहाची कथा अशी सांगतात की राज्यात भिल्ल-गोंडांच्या लुटारू टोळ्यांनी धुमाकूळ घातला असता, जो त्यांचा बंदोबस्त करील त्यास आपली कन्या देईन असा पण बाईंनी भर दरबारात लाविला. यशवंतराव फणसे नावाचा तरुण पुढे आला, त्याने काम फत्ते केले आणि त्यास मुक्ताबाई दिली. ही कथा खरी धरली तर दोन गोष्टी लक्षात येतात. आई आठव्या वर्षी बोहल्यावर चढली. लेक त्या वेळी एकोणीस वर्षांची तरी असली पाहिजे. दुसरी अशी की पणात शौर्याची अट होती, धनाची वा मोठ्या कुळाची नव्हती. आपल्या या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर वधूवरांची यादी असते. तीत मुलाकडील मंडळी शेतीचे एकर, नोकरीचा हुद्दा आणि शहरातील घर यांचा उल्लेख करावयास चुकत नाहीत, आणि देवीचे चित्र तर मुखपृष्ठावर असतेच. मुखपृष्ठाने शेवटच्या पानाकडे एकदा पाहावे, एवढेच आम्ही म्हणतो.

मुक्ताबाईंचा संसार सुखाचा झाला. पण मुलगा ऐन तारुण्यात गेला आणि पाठोपाठ १७९१ च्या डिसेंबरात यशवंतरावही गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरविले.

इयत्ता सातवीच्या वर्गात आम्ही हे चरित्र सांगत असता मेंढपाळाच्या घरच्या एका मुलीने उभे राहून विचारले होते की ज्या बाईला सासऱ्याने थांबविले, तिला स्वतःच्या मुलीस थांबविता कसे आले नाही? ती तर राणी होती. पाठ्यपुस्तकात मुक्ताबाईंच्या सतीची एक ओळही नव्हती; मुलीने ती गोष्ट आजीकडून ऐकली होती. शाळेच्या पुस्तकात नसलेले पुष्कळसे आमच्या आज्यांपाशी असते.

त्या दिवसाचे वर्णन माल्कमने प्रत्यक्षदर्शींकडून ऐकून लिहून ठेविले आहे. बाईंनी राणीपण बाजूस ठेवून आई म्हणून लेकीच्या पायाशी लोळण घेतली, आपल्याला एकटे टाकून जाऊ नको म्हणून काकुळतीने विनविले. मुक्ताबाई शांत होत्या, पण ढळल्या नाहीत. त्यांचे म्हणणे असे पडले की आई, तू वृद्ध आहेस, थोड्या वर्षांत तुझे पवित्र आयुष्य संपेल. माझा एकुलता मुलगा गेला, पती गेला, तूही गेलीस म्हणजे मला जगणे असह्य होईल, आणि मानाने मरण्याची ही वेळ तर तोपर्यंत निघून गेलेली असेल. बाईंनी मग हट्ट सोडिला. प्रेतयात्रेबरोबर त्या चालत गेल्या आणि नर्मदेच्या तीरी चितेजवळ उभ्या राहिल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेविले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा त्यांचा धीर सुटला. किंकाळ्या फोडीत त्या हात सोडवू पाहू लागल्या, आणि सुटेनात तेव्हा स्वतःच्याच हातांचे चावे घेऊ लागल्या. सर्व संपल्यावर त्यांनी नर्मदेत स्नान केले आणि वाड्यात जाऊन तीन दिवस अन्नपाणी व वाचा वर्ज्य केली. पुढे गेलेल्या जिवांच्या स्मरणार्थ त्यांनी एक सुंदर स्मारक बांधविले.

राणीने हुकूम देऊन सती का रोखली नाही, असे आज कोणी विचारील. तिने तिचे शिपाई उभे केले असते तर लेक जिवंत राहिली असती, हे खरे आहे. परंतु बाई धर्मनिष्ठ होत्या. धर्मशास्त्राच्या नावाने जे चालत आले ते सत्तेच्या बळाने मोडणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. देवीच्या भक्तांस हे ऐकून वाईट वाटेल. परंतु थोर व्यक्तीचे चरित्र सोवळ्यात गुंडाळून ठेविल्याने तिचा मोठेपणा वाढतो असे आम्ही मानीत नाही. त्या बाई आपल्या काळाच्या होत्या. काळापुढे पुष्कळ चालल्या आणि या एका ठिकाणी थांबल्या.

त्या सातवीतल्या मुलीला आम्ही जे उत्तर दिले तेच येथे लिहितो. १७५४ साली मल्हाररावांपाशी सुनेला देण्यासारखे काही होते. त्यांनी तिच्यापुढे अश्रू ठेविले, आणि त्यांच्याबरोबर दप्तराच्या किल्ल्या ठेविल्या. १७९१ साली लेकीस देण्यास आईपाशी केवळ आईपण उरले होते. फौज तुकोजीकडे होती, पुढचा वारसही तिकडचाच ठरल्यासारखा होता. मुक्ताबाई वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी मागे राहिल्या असत्या तर कशासाठी, या प्रश्नास त्या दरबारात उत्तर तयार नव्हते. सासूने सुनेस खासगी दिली, सासऱ्याने कारभार दिला. परंतु स्वतः राज्य करणाऱ्या आईने लेकीसाठी राज्यात जागा केली नाही. मुलगी परक्या घरची, हा विचार महेश्वरच्या गादीवरही बसलेला होता. सासूपेक्षा सून पुढे गेली म्हणून लेक सुनेच्याही पुढे जाईल असे आपण गृहीत धरितो. होळकरांच्या घरात तसे झाले नाही.

यावर त्या मुलीने काय म्हटले ते आम्हांस आता आठवत नाही. ती पुढे परिचारिकेचे शिक्षण घेऊन नोकरीस लागली आणि विवाहानंतरही नोकरी सोडली नाही, हे आम्हांस ठाऊक आहे.

लेक गेल्यावर बाई पावणेचार वर्षे जगल्या. पूजा, दरबार, हिशेब हा क्रम त्यांनी सोडिला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि घरात भाऊबंदकी माजली. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत तुकोजींची नात भीमाबाई घोड्यावर बसून इंग्रजांशी लढली असे सांगतात. ती यशवंतराव होळकरांची कन्या आणि ऐन तारुण्यात विधवा झालेली होती. पतीमागे ती चितेवर चढली नव्हती. महिदपुरास होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि गौतमाबाईंच्या खासगीतील आमच्या चांदवडावर इंग्रजांचा अंमल बसला.